वनातील कर्बाचा जमाखर्च आणि आघातांचे गणित

पूर्णा नदीच्या खोऱ्यात वसलेल्या जाफराबाद तालुक्याला वनप्रदेश म्हणणे धाडसाचे ठरेल. जालना जिल्ह्याच्या एकूण क्षेत्रफळापैकी दोन टक्के भूभागावरही वनाच्छादन नाही. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालानुसार महाराष्ट्राचे हेच प्रमाण सुमारे साडेसोळा टक्के आहे. उत्तरेकडे अजिंठ्याच्या डोंगररांगेत साग, सालई, धावडा, खैर, पळस आणि अंजन यांचे पानझडी वन तग धरून आहे. खाली सपाटीवर बांधावरच्या बाभळी आणि कडुनिंब, ओढ्याकाठचे करंज-उंबर आणि गायरानातील खुरटी झुडपे एवढीच काय ती वृक्षसंपदा. ज्या प्रदेशात वन इतके थोडे, तेथे वनातील कर्बचक्राचा विचार कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे, की ज्याची शिल्लक थोडी असते त्यालाच जमाखर्च अधिक काटेकोरपणे ठेवावा लागतो.

हवेतील कर्बवायूचे, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण १९५८ साली हवाई बेटावरील मौना लोआ येथे नियमित मोजले जाऊ लागले, तेव्हा ते दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहे. वाढत्या उष्म्याची चर्चा निघाली की 'झाडे लावा' हा उपदेश आपोआप पुढे येतो. महाराष्ट्र शासनाने २०१६ ते २०१९ या काळात २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी आणि ३३ कोटी अशा चढत्या संख्येने वृक्षलागवडीचे संकल्प केले. वृक्षलागवड आवश्यक आहे, यात शंका नाही. परंतु वनात कर्ब किती साठून राहील, हे लावलेल्या रोपांच्या संख्येपेक्षा त्या वनावर कोणते आघात किती वर्षांच्या अंतराने होतात यावर अधिक अवलंबून असते. ही गोष्ट नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ती गणिताने मात्र स्पष्ट दिसते. हे गणित कसे मांडतात आणि त्यातून आपल्यासारख्या कोरडवाहू मुलखाला काय शिकता येते, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कर्बाची पाच खाती

झाडाचे पान सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने हवेतील कर्बवायू घेते आणि त्यापासून शर्करा तयार करते. या शर्करेचा मोठा भाग झाड स्वतःच्या श्वसनासाठी खर्च करते; उरलेल्या भागातून लाकूड, साल, मुळे, पाने व फळे घडतात. पूर्ण वाळलेल्या लाकडाच्या वजनापैकी जवळजवळ निम्मा भाग, नेमके सांगायचे तर सुमारे ४७ टक्के, कर्बाचा असतो. एक टन कर्ब म्हणजे हवेतील सुमारे ३.६७ टन कर्बवायू, हे प्रमाण लक्षात ठेवले की पुढील सर्व हिशेब सोपे होतात.

वनातील कर्ब एकाच ठिकाणी नसतो. वनशास्त्रज्ञ त्याची पाच खाती मानतात : जमिनीवरील जिवंत वृक्षभार, जमिनीखालील मुळे, वाळून उभे किंवा पडलेले मृत लाकूड, पालापाचोळा आणि मातीतील सेंद्रिय कर्ब. शेतकरी माती परीक्षणाच्या पत्रिकेत जो 'सेंद्रिय कर्ब' वाचतात तोच हा. भारतातील सर्व वनांत मिळून सुमारे ७२० कोटी टन कर्ब साठलेला असल्याचा अंदाज वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात दिला आहे, आणि त्यातील निम्म्याहून अधिक भाग झाडांत नसून मातीत आहे. म्हणजे वनाची खरी पुंजी आपल्या पायांखाली असते.

या पाच खात्यांत सतत देवघेव चालू असते. पान गळले की कर्ब झाडाच्या खात्यातून पाचोळ्याच्या खात्यात जातो. वाळवी, बुरशी व सूक्ष्मजीव पाचोळा कुजवितात. त्यातील बराच कर्ब पुन्हा हवेत जातो, थोडा मातीत मुरतो. मातीत मुरलेला कर्बही सारखाच टिकाऊ नसतो. अमेरिकेतील कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी १९८७ साली मांडलेल्या 'सेंच्युरी' या प्रसिद्ध प्रतिमानात मातीतील कर्बाचे तीन भाग कल्पिले आहेत : एक ते पाच वर्षांत उलाढाल होणारा चपळ भाग, वीस ते चाळीस वर्षे राहणारा मंद भाग आणि दोनशे ते दीड हजार वर्षे मातीच्या कणांना धरून बसणारा स्थिर भाग. चपळ भाग हा जणू रोजचा खर्चाचा पैसा. स्थिर भाग ही पिढ्यान्‌पिढ्यांची ठेव.

आघातांचे तीन प्रकार

वनाच्या या संथ व्यवहारात अवचित येणाऱ्या घटनांना शास्त्रीय परिभाषेत 'विक्षोभ' म्हणतात. वणवा, वादळ, दुष्काळ, कीड, वृक्षतोड, अतिचराई हे सारे विक्षोभच होत. येथे आपण त्यांना साध्या शब्दांत आघात म्हणू. वनाच्या जमाखर्चावर त्यांचा परिणाम तीन प्रकारे होतो.

पहिला प्रकार मिळकत घटविणाऱ्या आघातांचा. सागाच्या वनांत पावसाळ्याच्या सुमारास पानांची केवळ शिरांची जाळी शिल्लक ठेवणारी अळी पडते. झाड बहुधा मरत नाही, पुन्हा पालवते. परंतु त्या वर्षी त्याची वाढ खुंटते. पाऊस कमी पडला तरीही असेच घडते.

दुसरा प्रकार मुद्दलच उचलून नेणाऱ्या आघातांचा. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेल्या निसर्ग चक्रीवादळाने नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर २०१२-१३ च्या दुष्काळाचे स्मरण पुरेसे आहे. जालन्याची ओळख असलेल्या मोसंबीच्या बागा तेव्हा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. वर्षानुवर्षे जोपासलेली झाडे तोडण्याची पाळी शेतकऱ्यांवर आली. बाग हे वन नव्हे, तरी कर्बाच्या हिशेबात झाड ते झाडच, आणि तेथे साठलेली पुंजी एकाच उन्हाळ्यात खात्यातून गेली.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. त्यात मिळकत घटलेली दिसत नाही, मुद्दलही जागेवर असते. मात्र वारस नाहीसे होतात. दरवर्षी लागणारा जमिनीलगतचा वणवा आणि अनिर्बंध चराई या प्रकारात मोडतात. त्यांचा विचार पुढे स्वतंत्रपणे करू.

एक लहानसे प्रतिमान

प्रतिमान म्हणजे वास्तवाची मुद्दाम सोपी केलेली आकडेमोडीतील प्रतिकृती. कागद-पेन्सिलीने करता येईल असे एक प्रतिमान येथे मांडू. त्यातील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतलेले आहेत, कोणत्याही विशिष्ट वनाचे नाहीत.

समजा, एका हेक्टर वनात दरवर्षी २ टन कर्ब नव्या लाकडाच्या रूपाने जमा होतो, आणि नैसर्गिक मर व कूज यांमुळे असलेल्या साठ्याच्या ४ टक्के कर्ब दरवर्षी कमी होतो. उजाड जमिनीपासून आरंभ केला तर पहिल्या वर्षअखेरीस २ टन, दुसऱ्या वर्षअखेरीस ३.९२ टन असा साठा वाढत जाईल. दहा वर्षांनी तो सुमारे १७ टन, वीस वर्षांनी २८ टन, पन्नास वर्षांनी ४३ टनांहून थोडा अधिक होईल. पुढे वाढ मंदावत जाऊन साठा ५० टनांच्या जवळ स्थिरावेल. कारण ५० टनांचे ४ टक्के म्हणजे २ टन, आणि तेथे जमा व खर्च समसमान होतात. परिपक्व वनाचा साठा मोठा असतो, पण त्याची निव्वळ वार्षिक बचत अल्प असते. तो याच कारणाने.

आता या वनावर दर दहा वर्षांनी एक आघात होतो व प्रत्येक आघातात उभ्या साठ्यापैकी ३० टक्के नाहीसे होतात, असे मानू. हिशेब पुढे नेत गेल्यास साठा आघातापूर्वी सुमारे ३१ टन आणि आघातानंतर २२ टन यांच्या दरम्यान हेलकावे खाऊ लागतो. त्याची सरासरी २७ टन येते. आघात तितकाच ठेवून त्यांतील अंतर तीन वर्षांवर आणले, तर सरासरी अवघी १३ टनांवर उतरते. जमीन तीच, पाऊस तोच, वाढीचा वेग तोच आणि एकेका आघाताचे प्रमाणही तेच. तरीही साठा ५०, २७ आणि १३ टन असा वेगवेगळा. फरक केवळ दोन आघातांमधल्या उसंतीचा.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. दर तीन वर्षांनी आघात होणाऱ्या दोन भूखंडांची कल्पना करा. एकावर आरंभी ५० टनांचे घनदाट वन आहे, दुसऱ्यावर नुकतीच रोपे लावलेली उजाड जमीन. तीस वर्षांनी दोन्हींचा हिशेब काढला तर आघाताच्या आदल्या दिवशी दोन्हींवर जेमतेम १५ टन कर्ब आढळेल. आरंभी काय होते हे वन विसरून जाते. त्याच्या लक्षात राहतो तो केवळ वाढीचा वेग आणि आघातांचा क्रम. म्हणून आघातांचा क्रम न बदलता केलेली लागवड पहिली काही वर्षे आकडा वाढविते, पण अंतिम शिल्लक बदलू शकत नाही.

ओसाड समतोल

या गणितातून आणखी एक निष्कर्ष निघतो. दर तीन वर्षांनी आघात सोसणारे वन दीर्घकाळाच्या सरासरीने हवेत कर्बवायूची भर घालत नाही आणि घटही करीत नाही. जेवढे जाते तेवढेच पुन्हा वाढते. ते समतोलात असते, मात्र तो दारिद्र्याचा समतोल असतो. वन हवेत कर्ब सोडू लागते किंवा हवेतून शोषू लागते, ते आघातांचा क्रम बदलतो तेव्हा.

तो बिघडला की काय होते, याचे उदाहरण कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात घडले. तेथील चीड-पाइनच्या वनांत साल पोखरणारा एक भुंगेरा पूर्वीपासूनच होता; कडाक्याच्या थंडीत त्याच्या अळ्या मरत आणि उपद्रव आटोक्यात राही. हिवाळे सौम्य होत गेले तसा हा निसर्गाचा अंकुश सैल झाला. वेर्नर कुर्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडाच्या वनसेवेचे कर्ब-प्रतिमान वापरून या साथीचा हिशेब मांडला. तो २००८ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सुमारे ३ लाख ७४ हजार चौरस किलोमीटर क्षेत्रात, म्हणजे संपूर्ण महाराष्ट्राहून मोठ्या प्रदेशात, २००० ते २०२० या काळात साथीमुळे एकंदर २७ कोटी टन कर्बाची हानी होईल, असा त्यांचा निष्कर्ष होता. जे वन हवेतील कर्ब शोषून घेणारे मानले जात होते, ते साथीच्या वर्षांत कर्ब सोडणारे ठरले.

उलट दिशेने पाहिले तर दिलासाही मिळतो. आपल्या लहान प्रतिमानात दर दहा वर्षांनी होणारा आघात पूर्णपणे थांबविता आला, तर साठा २७ टनांवरून हळूहळू ५० टनांकडे जाईल. हेक्टरी २३ टनांची ही वाढ म्हणजे हवेतून सुमारे ८४ टन कर्बवायू कमी होणे. मात्र ही कमाई अनेक दशकांत पसरलेली असते. वीस वर्षांनी साठा सुमारे ४० टनांपर्यंत पोहोचतो आणि पुढे वाढीचा वेग मंदावतो. शिवाय ती कायमची हमी नसते. आघात पुन्हा सुरू झाले की जमा झालेले सारे त्याच वाटेने परत जाते. भारताने २०३० पर्यंत वने व वृक्षाच्छादन यांच्या द्वारे अडीचशे ते तीनशे कोटी टन कर्बवायूइतकी जादा शोषणक्षमता निर्माण करण्याचे ध्येय जगापुढे मांडले आहे. त्या ध्येयाचे यश लागवडीच्या दिवशी कळणार नाही; ते पुढील वर्षांतील राखणीवर ठरेल.

लाकडाचे पुढे काय झाले?

झाड पडले म्हणजे त्यातील कर्ब तत्क्षणी हवेत गेला, असे नसते. पडलेल्या लाकडाचे पुढे काय होते, याचाही मागोवा चांगले प्रतिमान ठेवते. चुलीत गेलेल्या सरपणाचा कर्ब त्याच दिवशी हवेत जातो. रानात उभे वाळलेले झाड वर्षानुवर्षे कुजत राहते आणि तितकी वर्षे कर्ब थोडा थोडा सोडते. सागाची तुळई होऊन वाड्याच्या छतात बसलेले लाकूड मात्र शंभर वर्षांपूर्वीचा कर्ब आजही सांभाळून असते. वणव्यात पाचोळा व बारीक काटक्या जळून जातात, जाड खोडे केवळ होरपळतात. अर्धवट जळालेल्या लाकडाचा कोळसा झाला तर तो मातीत दीर्घकाळ टिकतो. म्हणून 'अमुक हेक्टर वन जळाले' एवढ्यावरून किती कर्ब हवेत गेला हे ठरत नाही. काय जळाले, किती जळाले आणि जे उरले ते कोणत्या खात्यात गेले, हे सांगावे लागते.

गवताचा हिशेब तर आणखी वेगळा आहे. डोंगरउतारावरचे कुसळी गवत पावसाळ्यात वाढते आणि उन्हाळ्यात वाळते. ते जळले, कुजले किंवा जनावरांनी खाल्ले, तरी त्यातील बहुतेक कर्ब वर्ष-दोन वर्षांत हवेत परततोच, आणि पुढच्या पावसात तेवढेच गवत पुन्हा उगवते. केवळ गवतापुरते पाहिले तर वणव्याने कर्बाच्या खात्यात मोठे अंतर पडत नाही. मग दरवर्षीच्या वणव्याची एवढी काळजी का करावी?

सरासरी जे लपविते

येथेच वर सांगितलेला तिसऱ्या प्रकारचा आघात पुढे येतो. आपल्या लहान प्रतिमानात सारे वन हा एकच कर्बाचा ढीग मानला होता. प्रत्यक्ष वनात मात्र दोनशे वर्षांचा वृक्ष असतो, तरणे झाड असते आणि काल उगवलेले रोपही असते. पानझडी वनातील वणवा बहुधा शेंड्यापर्यंत चढत नाही. तो पाचोळा व गवत जाळीत जमिनीलगत सरकतो. जाड सालीचे मोठे वृक्ष त्यातून वाचतात. मरतात ती रोपे आणि मनगटाएवढ्या खोडाची तरणी झाडे. पुष्कळ रोपांना मुळाशी नवे धुमारे फुटतात, पण पुढच्या उन्हाळ्यात तेही जळतात. तमिळनाडूतील मुदुमलाई येथील पानझडी वनात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ पासून पन्नास हेक्टरांच्या कायम भूखंडावर प्रत्येक झाडाची नोंद ठेवली आहे. वणवा लागलेल्या वर्षी लहान खोडांची मर मोठ्या वृक्षांच्या तुलनेत कितीतरी अधिक असते, हे तेथील नोंदींतून स्पष्ट झाले आहे.

याचा परिणाम असा, की दरवर्षी वणवा लागणारे वन वरून पाहता अनेक दशके जसेच्या तसे दिसते. मोठे वृक्ष उभे असतात, कर्बाचा साठाही फारसा घटत नाही. परंतु त्या वृक्षांखाली पुढची पिढी नसते. एके दिवशी वयाने थकलेले वृक्ष एकामागून एक पडू लागतात आणि त्यांची जागा घ्यायला कोणीही नसते. तेथे घाणेरीची झुडपे आणि गवत पसरते. साठ्याच्या आकड्यात हा धोका दिसू लागतो तोवर पन्नास वर्षांचा उशीर झालेला असतो.

हा दोष टाळण्यासाठी झाडागणिक हिशेब ठेवणारी प्रतिमाने रचली गेली. १९७२ साली डॅनियल बॉटकिन, जेम्स जनाक आणि जेम्स वॉलिस यांनी अमेरिकेतील हबर्ड ब्रूक वनासाठी तयार केलेले 'जाबोवा' हे या पद्धतीचे आद्य प्रतिमान. त्यात लहानशा भूखंडावरील प्रत्येक झाडाचा जन्म, सूर्यप्रकाशासाठीची चढाओढ, वाढ आणि मृत्यू संगणकावर वर्षावर्षाने पुढे नेला जातो. एखादा मोठा वृक्ष पडला की छतात खिडकी उघडते, खाली ऊन पोहोचते आणि वाट पाहत असलेली रोपे झेपावतात. ती रोपेच नसतील तर खिडकी उघडीच राहते, हे सत्य असे प्रतिमान आकड्यांत दाखवून देते.

मनोरे, उपग्रह आणि प्रत्यक्ष मोजणी

प्रतिमान कितीही सुंदर असले तरी त्याला मोजणीचा आधार लागतो. हा आधार तीन वाटांनी येतो.

पहिली वाट वनाचा श्वास मोजण्याची. जाफराबादची पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून गोदावरीला मिळते. तिच्याच नावाची दुसरी पूर्णा मध्य प्रदेशातील बैतुल जिल्ह्यात सातपुड्यात उगम पावून तापीला मिळते. त्या बैतुल जिल्ह्यातील सागवानी पानझडी वनात इस्रोच्या राष्ट्रीय कार्बन प्रकल्पांतर्गत एक उंच मनोरा उभारला आहे. त्यावरील उपकरणे वर-खाली वाहणाऱ्या हवेच्या झुळका आणि त्यांतील कर्बवायूचे प्रमाण एकेका सेकंदात अनेक वेळा टिपतात. त्यातून वन किती कर्ब घेते व किती सोडते हे कळते. पावसाळ्याच्या अखेरीस पाने भरात असताना वन भरभरून कर्ब घेते. उन्हाळ्यात निष्पर्ण झाल्यावर हे ग्रहण जवळजवळ थांबते. आपल्या अजिंठ्याच्या वनाचाही ऋतुक्रम याच जातीचा आहे.

दुसरी वाट आकाशातून. भारतीय वन सर्वेक्षण २००४ पासून उपग्रहांच्या साहाय्याने वणव्यांच्या सूचना देत आले आहे. अलीकडचे उपकरण सुमारे ३७५ मीटरांच्या चौकोनातील उष्णता ओळखू शकते. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या 'कासा' यासारख्या प्रतिमानांनी उपग्रहाला दिसणाऱ्या हिरवेपणावरून वनाची वार्षिक वाढ काढण्याची रीत घालून दिली. तथापि, ठराविक वेळी डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहाला दोन तासांत विझलेला पाचोळ्याचा वणवा निसटू शकतो, आणि वृक्षांच्या छताखालील रोपे तर त्याला सहसा दिसत नाहीत.

म्हणूनच तिसरी वाट आजही अटळ आहे : वनात पायी जाणे, भूखंड आखणे आणि फीत घेऊन खोडांचा घेर मोजणे. आपल्या देशात हा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर, म्हणजे साधारण छातीच्या पातळीवर, घेतात. घेर, उंची आणि लाकडाची घनता यांवरून झाडाचे वजन व त्यावरून कर्ब काढला जातो. अब्जावधी टनांचे सारे अंदाज शेवटी अशा फितीच्या टोकावर उभे असतात.

आपल्या मुलखासाठी अर्थ

या साऱ्याचा जाफराबाद-भोकरदनच्या माळरानांसाठी काय अर्थ होतो? सहाशे-सातशे मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात झाडांच्या वाढीचा वेग आपण मनासारखा वाढवू शकत नाही. ते पाऊस आणि माती ठरवितात. प्रतिमानातील जो आकडा आपल्या हातात आहे, तो दोन आघातांमधील अंतराचा.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला हे गणित नवे नाही, केवळ त्याची भाषा नवी आहे. आदर्शगाव योजनेच्या पंचसूत्रीतील कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी यांचा कर्बाच्या भाषेतील अर्थ आघातांमधील उसंत वाढविणे हाच आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे डोंगरावर जनावरे मोकळी सोडण्याऐवजी विळ्याने गवत कापून नेण्याची रीत रुजली. वर केलेल्या हिशेबाकडे पुन्हा पाहिले तर या रीतीतील शहाणपण लक्षात येते : गवताचा कर्ब वर्षाचा असतो, तो कापून नेल्याने वनाची ठेव फारशी घटत नाही, गवतात दडलेले रोप मात्र वाचते. शिवाय गवत कापले गेल्यामुळे उन्हाळ्यात पेटायला इंधन उरत नाही. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि तेथे वनाचे व्यवस्थापन ग्रामसभेच्या हाती आले. ज्याला पुढच्या वर्षीही त्याच वनातून काही मिळणार आहे, त्यालाच ते जपावेसे वाटते.

वणवे बहुधा आपोआप लागत नाहीत. मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा पेटविणे, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून आग लावणे, नवे गवत चांगले येईल या समजुतीने माळ जाळणे, बांधावरची आग डोंगरावर जाणे, विडीचे थोटूक टाकणे ही त्यांची नेहमीची कारणे होत. यांतील काही कारणांमागे गरिबी आहे, आणि सरपण व चारा यांची पर्यायी सोय न करता घातलेली बंदी फार काळ टिकत नाही, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. शेळ्यांवर संसार चालविणाऱ्या कुटुंबाला 'डोंगर बंद' म्हणणे सोपे आहे. त्याच्या शेळ्यांसाठी चारा राखून ठेवणे हे खरे काम आहे. उन्हाळा लागण्यापूर्वी जाळरेषा काढणे, डोंगर आळीपाळीने चराईला मोकळा ठेवणे आणि उरलेल्या भागाला निदान सात-आठ वर्षे उसंत देणे, एवढे जरी साधले तरी रोपे वणव्याच्या टप्प्याबाहेर जाण्याइतकी उंच व जाड सालीची होऊ शकतात.

शेवटी एक विचार विशेषतः निवासी विद्यालयासाठी. कर्बाच्या प्रतिमानांना सर्वांत अधिक उणीव भासते ती एकाच झाडाच्या दीर्घकाळच्या नोंदींची. संशोधन प्रकल्प तीन वर्षांत संपतात. विद्यालय पिढ्यान्‌पिढ्या चालते. विद्यालयाच्या आवारातील अथवा जवळच्या गायरानातील एक हजार चौरस मीटरांचा, म्हणजे प्रत्येक बाजूस सुमारे ३१.६२ मीटरांचा, चौरस आखून त्यातील प्रत्येक झाडाला क्रमांक द्यावा. दरवर्षी ठरलेल्या दिवशी, शक्यतो दिवाळीनंतर, त्यांचा घेर मोजून एका जाड वहीत लिहावा. कोणते झाड मेले, कशाने मेले, किती रोपे उगवली, त्यांतील किती पुढच्या वर्षी उरली, आग किंवा चराई झाली काय, याचीही नोंद करावी. पाचवीत आलेल्या विद्यार्थ्याने ज्या रोपाचा क्रमांक लिहिला, त्याच रोपाचा घेर तो दहावीत पुन्हा मोजील, आणि तो गेल्यावर त्याच्या मागून आलेला विद्यार्थी ती ओळ पुढे नेईल. यासाठी फीत, सुतळी, रंगाचा डबा आणि वही एवढेच साहित्य लागते. पंचवीस वर्षांनी निघणाऱ्या एखाद्या स्मरणिकेत त्या वहीतील आकडे छापता आले, तर आपल्या या उघड्याबोडक्या मुलखात कर्ब कसा साठतो आणि कशाने जातो, याचे उत्तर अन्य कोणाच्या प्रतिमानातून उसने घ्यावे लागणार नाही.